वकिलाविरुद्ध तक्रार करावी का? सनद (वकिलीचा परवाना) खरंच निलंबित होते का?

रानजाई
मंडळी, कोर्टकचेरीतलं कळणाऱ्यांनी कृपया थोडा वेळ काढून वाचा.

माझ्या आत्याचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात आहे. म्हणजे होता. आत्या एकटी, सत्तरी ओलांडलेली, वकीलसाहेब म्हणतील ती पूर्व दिशा. दर वेळी फोन केला की "पुढची तारीख पडली, तुम्ही यायची गरज नाही" हेच उत्तर. मागच्या महिन्यात माझ्या भावाने ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून पाहिला, तर दावा गेल्या वर्षीच निकाली निघालेला. वादी आणि वादीचे वकील गैरहजर, म्हणून काढून टाकला. त्यानंतरही साहेबांनी तारखा सांगितल्यात आणि खर्चाला म्हणून पैसेही घेतलेत.

जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "उरलेली फी जमा करा, मग फाईल न्या." जुनं खरेदीखत, फेरफाराचे उतारे, सगळे अस्सल कागद त्या फाईलमध्ये अडकलेत.

अशा माणसाची सनद काही काळ तरी काढून घेतली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. घरातले मात्र म्हणतात, वकिलाशी वैर घेतलंस तर जिल्ह्यात दुसरा वकील उभा राहणार नाही. बार कौन्सिलकडे (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) तक्रार केलेलं कोणी आहे का इथे? उपयोग होतो का?

वाटसरू
उपयोग नाही. वकिलाचा न्याय वकीलच करणार, मग निकाल काय लागेल ते वेगळं सांगायला नको.

काळाकोट
वाटसरू, एका वाक्यात निकाली काढू नका. मी वकिली करतो, म्हणून आधी यंत्रणा कशी आहे ते सांगतो.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१, कलम ३५. ज्या राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर वकिलाचं नाव आहे, तिथे तक्रार करायची. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. गैरवर्तन झालं असं मानायला जागा आहे असं कौन्सिलला वाटलं, तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समिती तिघांची: दोघे कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. वकिलाला नोटीस निघते, राज्याच्या महाधिवक्त्यांनाही निघते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी समितीला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत.

शेवटी समिती चारपैकी एक गोष्ट करू शकते. तक्रार फेटाळणं, समज देणं, ठराविक काळासाठी निलंबित करणं किंवा पटावरून नावच काढून टाकणं. निलंबन झालं की त्या काळात देशातल्या कुठल्याही कोर्टात, प्राधिकरणापुढे वकिली करता येत नाही. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील आणि तिथून पुढे ६० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालय.

रानजाई, तुमच्या कामाची एक गोष्ट: तक्रार मराठीत चालते. राज्यभाषेत तक्रार करायची मुभा नियमांतच आहे. फक्त ती दाव्यातल्या कैफियतीसारखी सही आणि सत्यापन करून द्यावी लागते. नुसतं रागाचं पत्र पाठवून भागत नाही.

शिरस्तेदार
मी कोर्टात नोकरी करून निवृत्त झालो. ताई, तुम्ही शेवटापासून सुरुवात करताय. सनद नंतर बघा, आधी आत्याबाईंचा दावा वाचवा.

आजच्या आज नक्कल विभागात अर्ज द्या. रोजनामा (त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद) आणि दावा काढून टाकल्याचा हुकूम, दोन्हींच्या प्रमाणित नकला घ्या. त्या दिवशी प्रतिवादी हजर होता की नव्हता, हे रोजनाम्यात दिसेल. त्यावर पुढचं सगळं ठरतं. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नव्याने दावा करायची वाट मोकळी असते. प्रतिवादी हजर आणि तुम्हीच गैरहजर असाल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ मधल्या नियम ९ खाली दावा पुन्हा फाईलवर घ्यायचा अर्ज करावा लागतो. मुदत हुकमापासून ३० दिवस. ती उलटून गेली आहे, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. विलंबाचं कारण तुमच्याकडे खणखणीत आहे. ते पुराव्यानिशी मांडा: फोन कधी केले, पैसे कधी कसे दिले, मेसेज असतील तर ते.

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात सांगितलं आहे. खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी दिली, की त्याच्यावर पाळत ठेवत बसायचं नसतं, असा त्याचा आशय. नवीन वकिलांना हा निकाल माहीत असेलच, तरी आठवण करून द्या. वाटपाच्या दाव्यात हिस्सा मागायचा हक्क चालू राहतो, म्हणून नव्या दाव्याचा पर्यायही त्यांना विचारा.

रानजाई
शिरस्तेदारकाका, मनापासून आभार. नकलांचा अर्ज उद्याच देतो. आमच्या डोक्यात फक्त तक्रारच होती.

मीनल_प
पण ग्राहक आयोग का नाही? डॉक्टरने हलगर्जी केली तर तिथे जाता येतं. वकिलालाही आपण पैसे देऊनच सेवा घेतो ना?

काळाकोट
मीनलताई, तो दरवाजा बंद झाला. राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये वकिलांना ग्राहक कायद्यात धरलं होतं. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वकील अशिलाच्या सूचनेनुसार, त्याच्या नियंत्रणाखाली काम करतो, म्हणून ती वैयक्तिक सेवा, आणि ती त्या कायद्याबाहेर.

याचा अर्थ वकिलावर नुकसानभरपाई मागताच येत नाही असा नाही. १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्टचं कलम ५ आजही आहे: केवळ वकील आहे म्हणून हलगर्जीपणाच्या दाव्यातून सुटका नाही. फक्त त्यासाठी दिवाणी दावा करावा लागतो.

मीनल_प
म्हणजे एका दाव्यात वकिलाने बुडवलं म्हणून दुसरा दावा, त्यासाठी आणखी एक वकील. हे मला अजिबात पटत नाही. न्यायालयाचा निर्णय मान्य, पण सामान्य माणसासाठी यात स्वस्त आणि जवळचा मार्ग उरला कुठला? डॉक्टरांनाही स्वतःची परिषद आहेच की. तरी त्यांना आयोगापुढे उभं राहावं लागतं.

वाटसरू
+१. हेच म्हणत होतो मी.

अक्षरधूळ
वकिलांचं मंडळ वकिलांना कसं वागवतं, याचं मला कायम अस्वस्थ करणारं उदाहरण सांगतो. राजस्थानातलं. पन्नास वर्षं वकिली केलेल्या, ऐंशीच्या घरातल्या एका वकिलाने अशिलाला पत्र लिहिलं: न्यायाधीश पैसे घेतात, दहा हजार रुपये पाठव, माझ्या दुसऱ्या एका अशिलाने या मार्गाने निकाल मिळवले आहेत. चक्क लेखी! राज्य कौन्सिलने दोन वर्षं निलंबन दिलं. अपिलात बार कौन्सिल ऑफ इंडियाने कायमची सनद काढली. इथपर्यंत ठीक. मग त्याच संस्थेपुढे फेरविचार अर्ज आला आणि वय, इतकी वर्षं स्वच्छ वकिली वगैरे बघून शिक्षा झाली फक्त समज! २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती समज रद्द करून कायमची बंदी पुन्हा लावली. शंभूराम यादव खटला म्हणून मिळेल.

शेवटी न्याय झाला हे खरं. पण तक्रारदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला म्हणून झाला. रानजाईंच्या आत्याबाई जातील का तिथवर?

दुपारउन्हं
अक्षरधूळ, याहून कडेलोट झालेलं प्रकरण आहे. उत्तर प्रदेशातल्या बदायूं इथे १९७१ मध्ये एका वकिलाने कोर्टातच प्रतिपक्षावर सुरी चालवली. शिक्षा झाली. वर त्याने राज्यपालांच्या नावाचं बनावट पत्र आणून शिक्षा स्थगित झाल्याचा आव आणला. त्याचं नाव पटावरून कायमचं निघालं १९९७ मध्ये, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने.

वाटसरू
२६ वर्षं?? आणि मधल्या काळात हे गृहस्थ काळा कोट घालून युक्तिवाद करत होते? समोरच्या वकिलाने चिलखत घालूनच यावं मग. 😀

अ‍ॅड_नवखी
मी वकिलीत तशी नवीन आहे, पण दुसरी बाजूही मांडते, कारण इथे सगळे वकील आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेत.

आमच्याविरुद्धच्या तक्रारींत "आम्ही हरलो म्हणून वकील फुटला" या जातीच्या तक्रारी बऱ्याच असतात. त्याहून त्रासाच्या म्हणजे समोरच्या पक्षाने केलेल्या. मी माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून दावा दाखल केला, त्याच्या प्रतिज्ञापत्रावर त्याची ओळख पटवणारी सही केली, आणि प्रतिवादीने माझ्याच सनदेवर तक्रार ठोकली, तर मी काम करायचं कसं? मी गुन्हेगाराचं वकीलपत्र घेते म्हणजे मी गुन्हेगार होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याच्या बार कौन्सिलला यावरून फटकारलं. तक्रारदार आणि वकील यांच्यात अशील-वकील असं नातंच नव्हतं, तरी प्रकरण समितीकडे पाठवलं, म्हणून कौन्सिलला ५०,००० रुपये खर्च भरायला लावला. तक्रार नोंदवताना कौन्सिलने विचार केलेला दिसला पाहिजे, असं त्यात आहे. सनदेवर तक्रार आहे एवढी बातमी बार रूममध्ये पसरली तरी नवीन वकिलाची कामं थांबतात. निकाल लागेपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन जातं.

मीनल_प
नवखी, तुझं म्हणणं रास्त आहे. पण त्यातून निघतं काय? खोट्या तक्रारी लवकर फेटाळल्या गेल्या पाहिजेत आणि खऱ्या लवकर निकाली निघाल्या पाहिजेत. दोन्हीकडे दुखणं एकच, उशीर.

काळाकोट
उशिरावर कायद्यात उपाय आहे, तो लोकांना माहीत नसतो. कलम ३६-बी. राज्य कौन्सिलच्या समितीने तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाल द्यायचा. नाही दिला तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं.

अक्षरधूळ
आणि तिथे जाऊन पडून राहतं. कलमात राज्याला एक वर्ष दिलं, वरच्या संस्थेला मुदतच नाही. म्हणून तर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की राज्य कौन्सिलांनी वर्षभरात निकाल द्या, अपवाद अगदी सबळ कारणाचाच, आणि वर्ग झालेली प्रकरणं बार कौन्सिल ऑफ इंडियानेही वर्षभरात संपवा. कायदा १९६१ चा आणि ही आठवण २०२१ ची.

खेड्यातल्या म्हातारीने सुनावणीसाठी आधी मुंबईला खेपा घालायच्या आणि मग प्रकरण दिल्लीला गेलं म्हणून तिथे जायचं? "आपोआप वर्ग होतं" ही सोय वकिलाची झाली, तक्रारदाराची नाही.

काळाकोट
हा मुद्दा मला मान्य आहे. समितीने जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन साक्षी घ्याव्यात किंवा व्हिडिओवरून घ्याव्यात, असं मी आमच्या बारमध्येही मांडलं आहे.

भटकंती
थोडं विषयांतर, पण सनद काढून घेण्याचा विषय निघाला की मला इतिहासच आठवतो. गांधीजींना १९२२ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली म्हणून लंडनच्या इनर टेम्पल या बॅरिस्टरांच्या संस्थेने त्यांचं नाव कमी केलं, ते परत घेतलं १९८८ मध्ये. श्यामजी कृष्ण वर्मांना त्याच संस्थेने १९०९ मध्ये काढलं, २०१५ मध्ये परत घेतलं. सावरकरांनी तर परीक्षा दिल्या, पण त्यांच्या राजकीय हालचालींमुळे ग्रेज इन या तशाच संस्थेने बॅरिस्टरी दिलीच नाही.

व्यवसायाची शिस्त सरकारच्या हातात गेली की सरकारला नको असलेला वकील पहिला जातो. म्हणून वकिलांची शिस्त वकिलांच्याच संस्थेकडे असावी या मताचा मी आहे. कितीही ढिसाळ असली तरी.

मीनल_प
भटकंती, सरकारच्या हातात द्या असं कोण म्हणतंय? तिघांच्या समितीत एक तरी बिगरवकील घ्या. निवृत्त न्यायाधीश घ्या, निवृत्त शिक्षिका घ्या. कौन्सिलचे सदस्य वकिलांच्या मतांवर निवडून येतात. ज्याच्यावर कारवाई करायची तोच मतदार असेल तर हात आखडणारच. हा कुणाच्या प्रामाणिकपणावर संशय नाही, रचनाच तशी आहे.

शिरस्तेदार
मीनलताईंशी मी सहमत. बाकी आयुष्यभर कोर्टात बसून एवढं नक्की सांगतो, की न्यायाधीशांनाही कोणता वकील अशिलांना बुडवतो ते ठाऊक असतं. पण ते थेट सनदेला हात लावू शकत नाहीत.

दुपारउन्हं
शिरस्तेदारकाका, सर्वोच्च न्यायालयानेही एकदा तो लावून पाहिला होता. १९९५ मध्ये विनयचंद्र मिश्रा यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल तीन वर्षं वकिलीतून निलंबित केलं. ते तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते! मग १९९८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, अवमानाची शिक्षा वेगळी, सनद निलंबित करण्याचा अधिकार बार कौन्सिलचाच.

कोर्टात उभं राहू द्यायचं की नाही हे मात्र न्यायालय ठरवू शकतं. साक्षीदार फोडण्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने आर. के. आनंद यांना चार महिने कोर्टात उभं राहायला मनाई केली होती आणि तो अधिकार २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. सनद शाबूत, पण त्या कोर्टाचं दार बंद.

घारुअण्णा
आमच्याकडे एक गृहस्थ दिवसा पूर्ण पगाराची नोकरी करतात आणि सुट्टी टाकून कोर्टातही उभे राहतात. हे चालतं का?

अ‍ॅड_नवखी
अण्णा, नाही चालत. पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर वकिली करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत तसं स्पष्ट आहे (नियम ४९). इतर व्यवसायांनाही बंधनं आहेत. एका शल्यचिकित्सकाने डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागितली होती. आपल्याच राज्याच्या कौन्सिलने नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नकाराची भूमिका उचलून धरली.

घारुअण्णा
बरं झालं. ऑपरेशन टेबलावरच वकीलपत्रावर अंगठा घेतला असता. 😄

काळाकोट
अण्णा 😄. रानजाईंच्या प्रश्नाकडे येतो. फाईल अडवून ठेवण्याबद्दल कोणीच उत्तर दिलं नाही.

फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना खटला, सन २०००. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने सत्त्याण्णव हजारांच्या आसपास फी बाकी म्हणून बँकेच्या फायली परत केल्या नाहीत. राज्य कौन्सिलकडून वर्षभरात निकाल झाला नाही म्हणून प्रकरण ३६-बी खाली वर वर्ग झालं. तिथे अठरा महिन्यांची बंदी आणि हजार रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा समज देण्यापर्यंत खाली आणली, कारण तोवर या मुद्द्यावर कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता. पण नियम पक्का केला: फी वसुलीसाठी दावा करा, कागद मात्र अशिलाचे, मागितले की द्यायचे. न देणं हे गैरवर्तन. त्याला आता पंचवीस वर्षं झाली, "माहीत नव्हतं" ही सबब चालणार नाही.

स्पीड पोस्टाने पोचपावतीसह लेखी मागणी करा. कागदांची यादी जोडा. हा निकाल त्यात लिहा.

आणखी एक. तक्रारीत "वकील तारखेला गेला नाही" यावर सगळा भर देऊ नका. नुसता हलगर्जीपणा हा नेहमीच गैरवर्तन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच म्हटलं आहे. नियतीत खोट दिसावी लागते. तुमच्या प्रकरणात ती दावा निकाली निघाल्यानंतरही खोट्या तारखा सांगण्यात आहे, त्या तारखांसाठी पैसे घेण्यात आहे आणि कागद अडवण्यात आहे. हे तीन मुद्दे वेगवेगळे, तारीखवार मांडा. समितीपुढे आरोप ठामपणे सिद्ध व्हावा लागतो, शंका राहिली तर फायदा वकिलाला.

अक्षरधूळ
खोट्या तारखांवरून आठवलं. रंगादुराई खटला, १९७९. तमिळनाडूतल्या एका वृद्ध, बहिऱ्या गृहस्थाने प्रॉमिसरी नोटांवरच्या (पैसे फेडण्याच्या लेखी वचनांवरच्या) वसुलीचं काम वकिलाला दिलं. वकिलाने दावे दाखलच केले नाहीत आणि खोट्या तारखा सांगत राहिला. अगदी रानजाईंच्या आत्याबाईंसारखं. राज्य कौन्सिलने सहा वर्षं निलंबन दिलं, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ते एका वर्षावर आणलं.

सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी शिक्षेला वेगळंच वळण दिलं. निलंबनाचा काही काळ भोग, मग वर्षभर गोरगरिबांसाठी मोफत कायदेशीर मदतीचं काम कर, आणि ज्यांना फसवलं त्यांना काही रक्कम दे. घरी बसवण्यापेक्षा ज्या वर्गाला फसवलं त्याचीच सेवा करायला लावणं.

मीनल_प
हे मला फार आवडलं. निलंबनाने आत्याबाईंना काय मिळतं, हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यापासून होता. वकील दोन वर्षं घरी बसला तरी जमीन परत येत नाही. कायद्यात शिक्षेबरोबर भरपाईचीही ठोस तरतूद हवी.

वाटसरू
मला नाही आवडलं. ज्याने गरिबाला फसवलं त्याच्या हाती आणखी गरीब अशील द्यायचे? मोफत वकील म्हणून असा माणूस पदरी पडला तर त्या माणसाने काय पाप केलं?

अक्षरधूळ
वाटसरू, यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. देखरेखीखाली काम, एवढंच म्हणू शकतो.

शिरस्तेदार
मोफत मदतीवरून महत्त्वाचं राहिलं. ताई, दुसरा वकील मिळणार नाही ही भीती सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. महिलांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. आत्याबाईंचं आधार कार्ड आणि केसचे कागद घेऊन जा. पॅनेलवरचा वकील आधीच्या वकिलाच्या ओळखीचा निघाला तर बदलून मागा, मागता येतो.

आधीच्या वकिलाची ना-हरकत मिळत नसेल तर नवीन वकील कोर्टाला कारण सांगून परवानगी घेतो. तेवढ्याने काम अडत नाही.

रानजाई
सगळ्यांना अपडेट देतो. (हो, मी 'देतो', आयडी बायकोने निवडलाय.)

नकला मिळाल्या. रोजनाम्यात प्रतिवादी हजर होते. प्राधिकरणाकडून एक वकीलताई मिळाल्या आहेत, फार आस्थेने ऐकून घेतलं त्यांनी. दावा पुन्हा फाईलवर घ्यायचा अर्ज आणि विलंब माफी दोन्ही दाखल झालं. कागदांसाठी स्पीड पोस्टाने नोटीस गेली आणि बार कौन्सिलकडे मराठीत तक्रारही गेली, काळाकोट यांनी सांगितलं तशी तीन मुद्द्यांत, तारखांसकट.

आता नवीनच पेच आहे. जुन्या वकिलांचा निरोप आला: सगळे कागद परत देतो, निकालानंतर घेतलेले पैसे परत देतो, तुम्ही तक्रार मागे घ्या. आत्या म्हणते घेऊन टाकू, म्हातारपणी कुणाचं वाईट कशाला करू. मला वाटतं घेऊ नये. आज आत्याला परत देतील आणि उद्या दुसऱ्या कुणाला तारखा सांगतील.

घारुअण्णा
आत्याबाईंच्या मनासारखं करा. तक्रार त्यांची आहे, त्रास त्यांना झालाय.

मीनल_प
अण्णा, नाही पटत. आत्याबाईंनी माफ करावं, तो त्यांचा मोठेपणा. पण सनद ही लोकांनी भरवसा ठेवावा म्हणून दिलेली असते. तो व्यवहार दोघांत मिटत नाही.

काळाकोट
कायदाही मीनलताईंच्या बाजूने आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तक्रारदाराने तक्रार मागे घेतली, तडजोड झाली किंवा तो पुढे चालवू इच्छित नाही, एवढ्याच कारणाने चौकशी बंद करता येत नाही. म्हणून "मागे घेतली की विषय संपला" असं आत्याबाईंनीही समजू नये आणि वकीलसाहेबांनीही. प्रत्यक्षात तक्रारदार साक्षीला आला नाही की पुरावा उरत नाही आणि प्रकरण ढेपाळतं, हे खरं. म्हणूनच हा निरोप आलेला आहे.

माझं मत विचाराल तर आत्याबाईंनी समितीपुढे जे घडलं ते सांगावं आणि कागद, पैसे परत मिळाले हेही सांगावं. शिक्षा किती द्यायची ते समिती ठरवेल, परत केल्याचा विचार ती त्यात करू शकते. यात कुणाचं वाईट करणं नाही.

अ‍ॅड_नवखी
काळाकोट सरांशी पूर्ण सहमत. आणि वकील म्हणून सांगते, अशा वेळी तक्रारी दबल्या की भोगावं लागतं आमच्यासारख्यांना. नवीन अशील पहिल्या भेटीत आमच्याकडेही संशयानेच बघतो.

रानजाई
आत्याला हे वाचून दाखवलं. "खरं सांगायला माझी ना नाही" म्हणाली. तक्रार मागे घेणार नाही. पण कागद घ्यायला जावंच लागेल, परवा बोलावलंय.

शिरस्तेदार
एकटे जाऊ नका, भावाला बरोबर घ्या. कागदांची यादी दोन प्रतींत न्या, एकेक कागद अस्सल आहे का ते तिथेच बघून खूण करा, दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या घ्या. खरेदीखताच्या पानांची संख्या मोजा. पैसे रोख घेऊ नका, आत्याबाईंच्या खात्यात घ्या. पोचपावतीत "आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही" किंवा "तक्रार मागे घेत आहे" असं वाक्य घातलेलं असेल तर ते खोडल्याशिवाय सही करायची नाही, आणि कोऱ्या कागदावर तर अजिबातच नाही. खरेदीखत हातात आलं की त्याच दिवशी वकीलताईंकडे नेऊन द्या, विलंब माफीच्या सुनावणीआधी त्यांना ते वाचायला लागेल.